पाकिटातल्या अक्षता

आई दुपारी आडवी झाली की अमेरिकेत जाते.

दुबईच्या बर दुबई भागातल्या आमच्या फ्लॅटच्या आतल्या खोलीत तिचा पलंग आहे. एसीचा वारा थेट अंगावर नको म्हणून तो भिंतीकडे सरकवलाय. तिथे ती डोळ्यांवर हात घेऊन पडते आणि पाच-दहा मिनिटांत तिचा आवाज बदलतो. “मागचं दार लावलंस का रे?” ती विचारते. आमच्या फ्लॅटला मागचं दार नाही. ते दार माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या घराला होतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका लहान गावात ते घर आहे. दादा अचानक गेला, घर विकलं गेलं, वहिनी मुलांना घेऊन दुसऱ्या राज्यात राहायला गेली आणि आई माझ्याकडे आली. पण ते दार लावायचं अजून राहिलेलंच असतं.

सुरुवातीला मी तिला हलवून जागी करायचे. “आई, तू दुबईत आहेस,” असं जरा दरडावूनच सांगायचे. ती डोळे उघडून माझ्याकडे बघायची, आणि आपण कुठे आहोत यापेक्षा कुणाकडे आहोत हे आठवायलाच तिला वेळ लागायचा. ते मला झोंबायचं. आता मी उठवत नाही. चहाला उकळी आली की ती आपली आपण परत येते.

दादाकडे ती बारा वर्षं राहिली. नातवंडं वाढवली, बर्फात चालायला शिकली आणि शेवटी त्या देशाची नागरिकही झाली. त्या परीक्षेला शंभर प्रश्न पाठ करावे लागतात. दादा ऑफिसातून आला की ओट्यापाशी उभा राहून तिला प्रश्न विचारायचा आणि ती पोळ्या लाटता लाटता उत्तरं द्यायची. कधीकधी मी इकडे फोनवर असायचे. फक्त नागरिकांचीच अशी एक जबाबदारी कोणती, हा त्यातला एक प्रश्न होता. “मतदान!” आई मराठीत ओरडायची. दादा म्हणायचा, “आई, इंग्रजीत. तो साहेब काय आपल्या गावचा आहे का?” प्रत्यक्ष मुलाखतीत साहेबाने नेमकं तेच विचारलं आणि तिने इंग्रजीत बरोबर सांगितलं. शपथ घेऊन आल्यावर दादाने तिला म्हटलं होतं की पुढच्या निवडणुकीला आपण दोघं जाऊ, मी तुला केंद्रावर घेऊन जाईन. पुढची निवडणूक आली तेव्हा दादाला जाऊन वर्ष होत आलं होतं.

आता माझ्याबद्दल एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. खाडीच्या काठावर अमेरिकन वकिलात आहे आणि त्या इमारतीवर माझा राग होता. बऱ्याच वर्षांपूर्वी दादाचं नवं घर बघायला जायचं म्हणून मी व्हिसा मागितला होता. काचेपलीकडच्या तरुणाने दोन-तीन प्रश्न विचारले, कागद चाळले आणि अगदी सौजन्याने नाही म्हटलं. मी परत येणार याची त्याला खात्री वाटेना. हबीबी, मी परत आले नसते तर करामापासून शारजापर्यंतच्या लोकांना दिवाळीच्या चकल्या कुणी घातल्या असत्या? माझा फराळाचा धंदा आहे, डझनभर बायका हाताखाली आहेत. पण हे सगळं मला बाहेर रस्त्यावर आल्यावर सुचलं. त्या दिवशी मी ठरवलं की पुन्हा त्या दारात पाऊल टाकायचं नाही. मी हट्टी आहे, आईवर गेलेय.

दादा गेला तेव्हा नवरा म्हणाला, तातडीची तारीख मागता येते, लगेच अर्ज कर. मी केला नाही. पुन्हा ती काच आणि पुन्हा तो नकार, आणि तोही दादा तिकडे असा पडलेला असताना, मला सोसवला नसता. वेळ कमी आहे, मिळणार नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. दादाला मी शेवटचं फोनच्या पडद्यावर पाहिलं. अर्जच केला नव्हता हे आईला माहीत नाही, आणि ते घरही मी कधी पाहिलं नाही.

तर निवडणूक आली. आईने वर्तमानपत्र बाजूला ठेवलं आणि म्हणाली, “मला मत द्यायचंय.”

“इथून?”

“इथून. शपथ घेतलीय मी.”

मला वाटलं, होणार नाही आणि विषय खलास होईल. पण माझ्या सोळा वर्षांच्या मुलीने लॅपटॉप उघडला आणि पाच मिनिटांत फॉर्म शोधून काढला. परदेशात राहणाऱ्या अमेरिकन नागरिकांसाठी असा फॉर्म असतो, आणि दर वर्षी तो नव्याने भरायचा असतो. त्यात एक रकाना होता: अमेरिकेत शेवटचं जिथे राहत होता तो पत्ता.

“पण ते घर आपलं नाहीये आता,” मी म्हटलं.

“इट डझंट मॅटर, ममा,” मुलगी म्हणाली. “लास्ट ॲड्रेस. जिथे राहत होती तोच. घर विकलं असेल तरी चालतं. असंच लिहिलंय.”

आई खुर्चीत पुढे सरकली. “म्हणजे सरकारच्या कागदावर मी अजून तिथेच आहे?”

“मत देण्यापुरती, आजी.”

आईने पत्ता सांगायला सुरुवात केली. घराचा नंबर, रस्त्याचं नाव, गाव, पिन कोड. मी टाइप करत होते. प्रत्येक शब्दापाशी ती थांबायची आणि तिथलं काहीतरी सांगायची. नंबर पत्राच्या पेटीवर निळ्या रंगात होता, दादाने स्वतः रंगवलेला. रस्त्याला ज्या झाडाचं नाव आहे ते झाड त्या रस्त्यावर एकही नाही. कोपऱ्यावर म्हातारी बाई राहते, ती कुत्र्याशी इटालियनमध्ये बोलते. खिडकीबाहेर दुबईची ऑक्टोबरची दुपार होती, खाडीवरून दमट वाफ येत होती, आणि माझ्या हॉलमध्ये बसून आम्ही तिघी एका अनोळखी गावातून सावकाश चाललो होतो. एक फॉर्म भरायला आम्हाला तास लागला.

शेवटी एक प्रश्न होता. परत जाण्याचा विचार आहे, की अजून निश्चित नाही? दोन चौकोन होते. मी दुसऱ्यावर बोट नेलं. आई म्हणाली, “पहिला.”

“आई, तिकडे कोण आहे आता तुझं?”

“पहिला कर.”

मी केला. मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी उगाच आपटली. बीपीच्या गोळ्यांपासून मऊ भातापर्यंत सगळं मी बघायचं आणि बाईसाहेबांचा विचार परत जाण्याचा! मला खूप वाईट वाटलं, आणि ते मी बोलून दाखवलं नाही, भांड्यांवर काढलं.

मतपत्रिका ईमेलने आली. मुलीने ती छापली, पाकिटं घड्या घालून चिकटवली, आणि आजीला समजावलं की हे सीक्रेट असतं, आम्ही कुणी बघायचं नाही. आईने ते फार मनावर घेतलं. कागद, पेन आणि पाकिटं घेऊन ती तिच्या खोलीत गेली आणि दार आतून लावलं. देवघरही त्याच खोलीत आहे. अर्ध्या तासाने बाहेर आली तेव्हा पाकीट बंद होतं, बाहेर सही होती आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. कुणाला मत दिलं ते तिने आजवर सांगितलेलं नाही.

असं पाकीट वकिलातीत नेऊन दिलं तर ते त्यांच्या टपालातून अमेरिकेला जातं. मंगळवारी सकाळची वेळ मिळाली. आई इरकली नेसली, केसात मोगऱ्याचा गजरा माळला. मी म्हटलं, “लग्नाला चाललीयेस का?” ती म्हणाली, “पहिलं मत आहे.” मी हात धरून तिला त्या दारापाशी नेलं. ज्या दारात पाऊल टाकणार नव्हते तिथेच उभी राहिले, पण या वेळी रांग वेगळी होती. नागरिकांची. त्या रांगेत आईच्या पुढे दोनच माणसं होती, आणि ती पासपोर्ट छातीशी धरून अशी उभी होती की मला तिच्या मागे लहान झाल्यासारखं वाटलं.

फाटकाशी तपासणी असते. फोन काढून ठेवले, पर्स मशीनमधून गेली. मग सुरक्षारक्षकाने पाकीट उचललं आणि तो थांबला. त्याने ते कानाजवळ नेऊन हळूच हलवलं. आतून काहीतरी सुळसुळलं. पाकिटाच्या एका कोपऱ्यातून बारीक लाल पूड त्याच्या पांढऱ्या हातमोज्यावर सांडली.

अमेरिकन सरकारच्या दारात, बंद पाकिटातून पूड!

“माताजी, इसके अंदर क्या है?” त्याने विचारलं. आवाज शांत होता, पण दुसरा रक्षक जवळ आला होता.

“हल्दी-कुमकुम है बेटा,” आई म्हणाली. “और थोडा चावल.”

त्याने हातमोज्यावरची पूड निरखली. मग म्हणाला, “अक्षता?”

तो नेपाळचा होता. त्यांच्याकडेही तोच शब्द आहे. आईने आनंदाने मान हलवली. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं आणि लगेच गेलंही, कारण नियम तो नियम. त्याने पाकीट एका ट्रेमध्ये ठेवलं, हातमोजे काढून टाकले, कुणाला तरी फोन केला आणि आम्हाला बाजूच्या बाकावर बसायला सांगितलं.

तिथे बसून मी आईला जे बोलले ते इथे सगळं लिहिणार नाही. दबक्या आवाजात बोलले, पण दात खाऊन बोलले. “अक्कल गहाण ठेवलीस का? हा काय मुंजीचा आहेर आहे? इथे लोक पूड बघून इमारती रिकाम्या करतात! मला आत टाकतील, धंदा बंद होईल!” आई गजरा सारखा करत राहिली. समोर ट्रेमध्ये ते पाकीट एकटंच पडलं होतं आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याच्याकडे बघत होता.

बऱ्याच वेळाने आम्हाला आत बोलावलं. पुन्हा काच. पलीकडे पिकल्या केसांच्या एक बाई होत्या. पाकीट तपासून त्यांच्याकडे आलं होतं. त्यांनी सावकाश, शब्द मोकळे करत सांगितलं की असं पाकीट टपालात घेता येत नाही, आणि आत मतपत्रिकेवर डाग पडले असतील तर ती मोजणीत बाजूला काढली जाऊ शकते. दुसरी छापून आणा. या आठवड्याची टपालाची पिशवी गुरुवारी निघेल. त्यानंतर दिलेली मतपत्रिका वेळेत पोचेल असं सांगता येणार नाही. मग त्यांनी आईकडे बघून विचारलं की हे कशासाठी असतं.

मी तोंड उघडणार एवढ्यात आईच बोलली, दादाने शिकवलेल्या इंग्रजीत. “गोइंग टू माय सन्स हाऊस. आफ्टर लाँग टाइम. नॉट विथ एम्प्टी हँड.”

पाकीट कुठे जाणार हे मी तिला कधी नीट सांगितलंच नव्हतं. तासभर बसून तो पत्ता तिने मला अक्षर अक्षर सांगितला होता, पाकिटावर सहीच्या वर तोच पत्ता छापलेला होता, आणि तिला वाटलं होतं की हे तिथे जाणार. बाईंनी हलक्या आवाजात सांगितलं की मतपत्रिका निवडणुकीच्या कचेरीत जाते, घरी जात नाही. “ओह,” आई म्हणाली. “ओके. थँक्यू.” आणि वळली.

बाहेर आलो तेव्हा ऊन उतरत्या धुक्यासारखं खाडीवर पसरलं होतं. पलीकडचा, देरा भागाचा काठ अर्धा दिसत होता, अर्धा नव्हता. अब्रा होड्या माणसं भरून जात-येत होत्या. मी आईला काठावरच्या बाकावर बसवलं आणि पाणी दिलं. माझा राग कुठे गेला मला कळेना, नुसती लाज उरली होती.

“चूक झाली माझी,” आई म्हणाली. “नको आता ते मत. पुरे झालं.”

“उद्या परत छापू. गुरुवारपर्यंत वेळ आहे.”

“नको. तुला त्रास.” मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, “मत नाही दिलं तर त्या पत्त्यावरून माझं नाव काढतील का गं?”

तेव्हा मला समजलं की हे सगळं कशासाठी चाललंय. दादाचं नाव बँकेतून निघालं होतं, विजेच्या बिलावरून निघालं होतं, पत्राच्या पेटीवरून निघालं होतं. त्या घराशी जोडलेलं आता एकच नाव जगात कुठेतरी लिहिलेलं उरलं होतं, आणि ते आईचं होतं. मत बुडालं असतं तर आज ना उद्या तेही गेलं असतं, असं तिला वाटत होतं. मला रडू आलं. मी तिथे बाकावर बसून चांगली हमसून रडले, शेजारच्या दोन फिलिपिनो बायकांनी टिश्यू दिले. दादा गेला तेव्हा मी अशी रडले नव्हते.

“काढणार नाहीत,” मी म्हटलं. “आपण देऊ ना मत.”

बुधवारी मुलीने पुन्हा छापलं. या वेळी आई दार लावून बसली तेव्हा मी बाहेरून म्हटलं, “आई, अक्षता नकोत हं.” आतून आवाज आला, “कळलं गं, कळलं.” गुरुवारी त्याच रक्षकाने पाकीट उचललं, हलवलं आणि आईकडे बघितलं. “आज खाली है माताजी?” आई म्हणाली, “हां बेटा. आज खाली.” ते ऐकून मला कसंतरी झालं. त्याने ते पाकीट दोन्ही हातांनी ट्रेमध्ये ठेवलं, एवढं मी पाहिलं.

पुढचे तीन आठवडे मुलगी रोज शाळेतून आली की तिकडच्या निवडणूक कचेरीच्या वेबसाइटवर बघायची. आई आपण त्या गावचेच नाही असं दाखवत मटार सोलायची. एका संध्याकाळी मुलगी ओरडली, “आजी! रिसीव्ड!” आणि निकालानंतर काही दिवसांनी त्याच जागी दुसरा शब्द आला. मत मोजलं गेलं होतं.

“कोण जिंकलं ते माहितीये मला,” आई म्हणाली. “वर पत्ता काय लिहिलाय ते वाच.”

मुलीने वाचला. नंबर, रस्ता, गाव, पिन कोड. आईने डोळे मिटून ऐकलं. मीही मनातल्या मनात म्हणत होते, आणि मुलीच्या आधी संपवला. कधीही न पाहिलेल्या घराचा पत्ता मला पाठ झाला होता.

जानेवारीत तो फॉर्म पुन्हा भरायचा होता. शेवटच्या प्रश्नाशी मी थांबले. परत जाण्याचा विचार आहे, की निश्चित नाही? “पहिलाच ना?” मी विचारलं. या वेळी भांडी आपटायची नव्हती.

आईने विचार केला. “एकटी कशी जाऊ मी?” ती म्हणाली. “तू आलीस तर जाऊ. लांबून बघू. ती निळी पेटी आहे का तेवढं बघू आणि परत येऊ.”

मी हो म्हटलं, आणि म्हणून गेल्या आठवड्यात इतक्या वर्षांनी व्हिसाचा अर्ज उघडला. मिळेल की नाही माहीत नाही, इन्शाल्ला मिळेल. या वेळी निदान अर्ज तरी करतेय. पानामागून पान भरत गेले. आई शेजारी चष्मा लावून बसली होती. एका पानावर विचारलं होतं, अमेरिकेत कुठे उतरणार? माझी बोटं थांबलीच नाहीत. नंबर, रस्ता, गाव, पिन कोड, सगळं एका दमात लिहून झालं.

मग लक्षात आलं की तिथे आता दुसरी माणसं राहतात. हॉटेलचा पत्ता लिहायला हवा. मी शेवटच्या आकड्यापासून खोडायला लागले.

आईने माझ्या मनगटावर हात ठेवला.

“चहा होईपर्यंत राहू दे ना,” ती म्हणाली.